टकळीची सोबत

आमच्या आईचे आणि दादांचे एक जुने भांडण होते. संसार म्हटला की भांडणे असायचीच, पण हे मोठे चिवट. साखर संपली म्हणून सुरू झालेले बोलणे असो, की पाहुण्यांना कुठे निजवायचे ह्याची चर्चा असो, फिरून फिरून ते तिथेच येऊन थांबे. आई म्हणे, "देव्हारा राहिला, आणि ह्यांनी टकळी आणली!" ह्यावर दादांजवळ उत्तर नसे. ते नुसते हसत आणि उठून बाहेर जात.

ही गोष्ट १२ जुलै १९६१ ची. वार बुधवार. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्यामागून खडकवासल्याचे फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. आम्ही तेव्हा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्यातल्या दोन खोल्यांत राहत होतो. मी नऊ वर्षांची, धाकटा भाऊ चार वर्षांचा. 'पाणी आले, पाणी आले' अशी ओरड झाली, तेव्हा आईने भावाला कडेवर घेतले, रेशनकार्ड कमरेला खोचले आणि मला हाताला धरून ओढले. दादांनी फळीवरचा एक पत्र्याचा डबा उचलला. त्यात पैसे असतील असे आईला वाटले. नाना पेठेत मामाच्या घरी पोचल्यावर तिने डबा उघडला, तर आत एक टकळी, चार पेळू आणि कातलेल्या सुताच्या दोन लटी!

पाणी ओसरल्यावर घरी जाऊन पाहिले. भांडी, अंथरुणे, माझी शाळेची पुस्तके, आईच्या माहेरचा शिसवी देव्हारा, सगळे गेले होते. उरला होता गुडघाभर चिखल. शहरात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या जुन्या विहिरींवर घागरींच्या रांगा लागल्या होत्या. आणि आमचे दादा? दिवसभर चिखल उपसत, पंचनाम्याच्या रांगेत उभे राहत, आणि रात्री मामाच्या गॅलरीत कंदिलापाशी बसून टकळी फिरवत. मामीने आईला हळूच विचारले, "वन्सं, भावोजींच्या डोक्यावर तर परिणाम नाही ना झाला?"

मलाही तसेच वाटले होते. घर वाहून गेलेला माणूस सूत कातत कसा बसतो, हे कोडे सुटायला मला एकोणसाठ वर्षे लागली.

दादांची आणि टकळीची गाठ पडली ती येरवड्याच्या तुरुंगात. १९४२ च्या चळवळीत ते पकडले गेले, तेव्हा नुकती विशी ओलांडली होती. घरी वडील अंथरुणावर. पत्र वेळेवर मिळत नसे. दादा सांगत, "पहिले काही दिवस मी कोणाशी बोललो नाही. रात्र रात्र जागा असे. मग शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी माझ्या हातात टकळी ठेवली. म्हणाले, विचार करायचा तर कर बाबा, पण रिकाम्या हातांनी करू नकोस."

येरवडा आणि सूत ह्यांचे नाते तसे जुनेच. १९३० नंतरच्या तिथल्या कारावासात गांधीजींनी चरख्यावर पुष्कळ खटपट केली. एक मोठे चाक, एक लहान चाक, आणि मिटवले की सगळे एका पेटीत मावणारे. हातात धरून कुठेही नेता येईल असा हा चरखा 'येरवडा चक्र' म्हणूनच ओळखला जातो. गंमत अशी, की १९०९ मध्ये 'हिंद स्वराज्य' लिहिताना ह्याच गांधीजींनी चरखा डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. तसे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. पुढे आश्रमात माग आले, पण सूत कातणारे कोणी सापडेना. शेवटी गंगाबेन मजमुदार ह्या धडाडीच्या बाईंनी बडोदे संस्थानात विजापूरला चरखे शोधून काढले. कुठे होते ते? लोकांच्या माळ्यावर, अडगळीत! आपल्याकडच्या किती चांगल्या गोष्टी अशा माळ्यावर पडून असतील, कोण जाणे.

दादा तुरुंगात असताना पलीकडे आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी स्थानबद्ध होते. १५ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे महादेवभाई गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी नेसवून बांना निरोप दिला गेला. दादा ही हकीकत सांगत, तेव्हा त्यांचा आवाज खाली येई. "बासष्ट वर्षांच्या संसाराला द्यायला त्या माणसाजवळ दुसरे होते काय?" असे ते म्हणत.

आता आईकडे वळते. तिला टकळीचा राग, पण तिच्या हातात विणकामाच्या सुया असत. मात्र ती विणी ती हौसेने, बाळंतविडा म्हणून किंवा कोणाला भेट म्हणून. पुण्यात थंडी ती किती, आणि स्वेटर लागणार किती! १९६२ साली मात्र हौस बाजूला राहिली. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, २० ऑक्टोबरला, चीनचे आक्रमण झाले. हिमालयात आपले जवान पुरेशा गरम कपड्यांवाचून लढत आहेत, ह्या बातमीने घराघरांतल्या बायका हलल्या. गल्लोगल्ली लोकर आली. ज्यांना उलट टाका येत नव्हता त्या शेजारणीकडून शिकल्या. आमच्या घरी तर काळजीला आणखी एक कारण होते. माझा धाकटा मामा सैन्यात होता, आणि तो नेमका कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या महिन्यातली आई मला अजून दिसते. शेजारच्यांच्या रेडिओवर बातम्या लागल्या की ती उंबऱ्याशी येऊन बसे. सुया चालूच. दोन सुलट, दोन उलट. बातम्या संपत, पण सुया थांबत नसत. एकदा सबंध पाठ विणून झाल्यावर तिच्या लक्षात आले, की बातम्यांच्या नादात टाके वाढले आहेत. मला वाटले, आता रडणार. पण तिने शांतपणे सुई काढली आणि सरसर उसवून टाकले. "लोकर कुठे जात नाही," ती म्हणाली, "पुन्हा विणू."

त्याच रात्री मी एक नवल पाहिले. दादा आईसमोर पाटावर बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवलेली, आणि आई तिचा गुंडा करीत होती. लोकर अडू नये म्हणून दादा हात इकडून तिकडे झुलवत होते. दोघेही काही बोलत नव्हती. देव्हाऱ्याचा विषय त्या रात्री निघाला नाही.

२१ नोव्हेंबरला युद्ध थांबले. मामा पुढच्या उन्हाळ्यात घरी आला, वाळलेला पण धडधाकट. तोवर आईने सात स्वेटर पाठवले होते. ते कोणाच्या अंगावर गेले, हे तिला कधीच कळले नाही, आणि तिने विचारलेही नाही.

मी स्वतः ह्यातले काही केले नाही. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला टकळी फिरवली होती ती गुण मिळवण्यापुरती. माझे सूत इतके तुटे, की बाई म्हणत, "तुझ्या तोंडाची टकळी तेवढी चांगली चालते!" पुढे नोकरी, लग्न, मुलगा, बदल्या. दादा १९८९ मध्ये गेले, आई २००४ मध्ये. आईची लोकरीची पिशवी मी आणली आणि न उघडता कपाटात वर टाकून दिली. आमचाही माळा तो हाच.

आणि मग २०२० साल उजाडले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पहिले काही दिवस आम्ही दोघांनी मजेत काढले. सप्टेंबरात ह्यांना ताप आला, धाप लागू लागली, आणि रुग्णवाहिकेतून आलेले दोघे जण ह्यांना घेऊन गेले. त्यांच्या पोशाखात डोळ्यांखेरीज काही दिसत नव्हते. मला सोबत जाता येईना. माझीही तपासणी झाली, आणि घरातच चौदा दिवस एकटीने राहण्याचा हुकूम झाला. मुलगा परदेशात, विमाने जवळजवळ बंद. दवाखान्यातून दिवसातून एकदा, संध्याकाळी, फोन येई. तो दोन मिनिटांत संपे, आणि पुढच्या फोनापर्यंत उरत ते सगळे तास मोकळे.

वाचन होईना. डोळे ओळीवरून फिरत, मन दवाखान्यात. दूरदर्शनवर आकडे, ते ऐकवत नसत. जप करायला बसले, तर दहाव्या मण्याला विसर पडे. तिसऱ्या दिवशी काहीतरी आवरावे म्हणून कपाट उघडले आणि आईची पिशवी खाली घेतली. आत सुयांचे जोड, अर्धवट विणलेली एक बाही, आणि तळाशी मऊ फडक्यात गुंडाळलेली दादांची टकळी!

जिच्यावरून तिने जन्मभर बोलणी दिली, ती टकळी तिने दादांच्या मागे पंधरा वर्षे आपल्या लोकरीत जपून ठेवली होती. मी तशीच जमिनीवर बसले आणि मनसोक्त रडले. आठवड्यातले ते पहिले रडणे. त्यानंतर उठून तोंड धुतले आणि कापूस शोधला.

कापूस घरात होताच. गौरी-गणपतीसाठी वस्त्रे आणि वाती करायला आणलेला. पेळू कसा करतात ते आठवू लागले. सरकी नसलेला स्वच्छ कापूस बोटांनी पिंजून मोकळा करायचा, पाटावर पातळ पसरायचा, त्यावर गुळगुळीत काडी ठेवून हलकेच वळायचे आणि काडी काढून घ्यायची. काडीच्या जागी मी आईची विणकामाची सुई घेतली. टकळी म्हणजे तरी काय? वीतभर लांबीची पोलादी काडी, तिच्या खालच्या अंगाला पितळेची चकती, वर आकडा. टोक वाटीत टेकवायचे, उजव्या हाताच्या चिमटीने गिरकी द्यायची, आणि डाव्या हातातला पेळू सावकाश वर न्यायचा. कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंच लांब. एकटा धरला तर फुंकरीने उडेल. पण शेकडो तंतूंना एकत्र पीळ पडला, की ते एकमेकांना धरून ठेवतात आणि त्यांचा धागा होतो. सगळी करामत त्या पिळाची. कमी पडला तर धागा निसटतो, जास्त पडला तर त्याला आकड्या पडतात.

पहिल्या दिवशी हातभर सूतसुद्धा सलग निघाले नाही. तुटे, सांधावे, तुटे, सांधावे. सांधायचे म्हणजे तुटलेले टोक पेळूच्या मोकळ्या तंतूंवर टेकवायचे आणि पुन्हा गिरकी द्यायची. गाठ मारायची नाही. ते आपोआप एकमेकांत मिसळते. दीडेक तास गेला असेल. एकाएकी माझ्या ध्यानात आले, की इतका वेळ मी फोनाकडे पाहिले नव्हते.

दुसरी एक गोष्ट लवकरच कळली. खांदे ताठ असले, श्वास रोखलेला असला, की धागा तुटतोच. टकळीला खोटे चालत नाही. 'मन शांत कर' असे कोणी सांगून मन शांत होत नाही. पण 'हात सैल सोड' हे जमते. हात सैल सुटला की खांदा सुटतो, श्वास लांब होतो आणि मन त्यांच्यामागून मुकाट्याने येते.

माझ्या लक्षात आले, की दादांनी कंदिलापाशी बसून केले ते हेच. घर गेल्याचे दुःख त्यांना नव्हते असे नाही. दिवसा ते चिखलाशी झगडत होते. रात्री त्यांच्या हातात निदान एक गोष्ट अशी होती, की जी तुटली तर त्यांना स्वतःला सांधता येत होती.

जुना हिशेब असा : चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लट, आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. सुमारे ७८० मीटर सूत. मी दिवस घड्याळाने मोजणे सोडले आणि तारांनी मोजू लागले. पाचव्या दिवशी चाळीस तारा झाल्या. ज्या संध्याकाळी 'प्राणवायू वाढवावा लागला' असा फोन आला, त्या रात्री बारा. पण बारा झाल्या.

एकोणिसाव्या दिवशी हे घरी आले. काठी टेकत, निम्म्या वजनाचे झाल्यासारखे. दोन दिवसांनी मी त्यांना सूत दाखवले. त्यांनी ते बोटांतून सावकाश ओढले. कुठे बारीक, कुठे सुतळीसारखे जाड, कुठे गुठळ्या. एका ठिकाणी बोट थांबले. म्हणाले, "हा बुधवार दिसतो." बुधवारच होता तो! प्राणवायू वाढवल्याचा.

त्या सुताचे पुढे काय केले? एकेरी सूत विणायला फार नाजूक. म्हणून चार धागे एकत्र घेऊन त्यांना उलट्या बाजूने पीळ दिला, आणि आईच्या सुयांवर ह्यांच्यासाठी एक कानटोपी विणली. वेडीवाकडी आहे. पण हे सकाळी फिरायला जाताना तीच घालतात.

हाताने कातलेल्या सुताचे विणकाम म्हटले, की एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. २० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ ह्यांचे लग्न झाले. गांधीजींनी आहेर म्हणून काय पाठवावे? त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचा, क्रोशाने विणलेला, जाळीचा रुमाल पाठवला. मधोमध अक्षरे विणलेली : 'जय हिंद'. राजवाड्यातल्या थोरल्या राणीसाहेबांना तो पंचाच वाटला आणि त्या रागावल्या, असे म्हणतात! ते साल आठवा. फाळणीची आग, निर्वासितांचे लोंढे. त्या दिवसांतही तो म्हातारा माणूस रोज सूत काततच होता.

ह्या गोष्टींकडे आता शास्त्रज्ञही पाहू लागले आहेत. अमेरिकेतील हर्बर्ट बेन्सन ह्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये आपल्या पुस्तकात मांडले, की एकच शब्द किंवा एकच हालचाल पुन्हा पुन्हा करीत राहिल्याने शरीराची ओढाताण कमी होते. श्वास आणि नाडी संथ होते. २०१३ मध्ये इंग्लंडच्या एका नियतकालिकात ३१ देशांतल्या ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची पाहणी छापून आली. जे वरचेवर विणतात त्यांना अधिक शांत आणि आनंदी वाटते, असे त्यात दिसले. अर्थात ही त्यांनी स्वतःविषयी सांगितलेली माहिती, आणि विणकाम मुळात आवडणाऱ्यांचीच; तेव्हा तिचा अर्थ बेताने घ्यावा. आपल्या आज्यांना मात्र पाहणीची गरज पडली नव्हती. चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरून दुपारभर मांडीवर वाती वळणारी विधवा आजी मी पाहिली आहे. देवाला लाख वाती पोचल्या की नाही, देव जाणे. पण तिच्या दुपारी मात्र निभावल्या.

ह्याचा अर्थ टकळी किंवा सुया म्हणजे रामबाण औषध असा कोणी करू नये. झोप उडाली आहे, अन्न जात नाही, जगणे नकोसे झाले आहे, अशी अवस्था असेल तर सरळ डॉक्टरांकडे जावे. त्यात संकोच कसला? आणि माझे सूत ह्यांना बरे करायला गेले नव्हते. ते काम डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी केले. सुताने एवढेच केले, की हे परत येईपर्यंत मला शाबूत ठेवले.

कोणाला सुरुवात करायची असेल, तर विणकाम टकळीपेक्षा सोपे. आठ नंबरच्या सुया, म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या, आणि मध्यम जाडीची फिकट रंगाची लोकर घ्यावी. गडद रंगावर नवख्याला टाके दिसत नाहीत. वीस टाके घालावेत आणि नुसते सुलट विणत जावे. मफलर होतो. टाका गळला तर घाबरू नये, क्रोशाच्या सुईने तो वर आणता येतो. लोकर बोटांवर आवळू नये. अर्ध्या तासाने हात झटकून उठावे, नाहीतर मनाचे दुखणे मनगटात यायचे! टकळी आजही खादी भांडारांत विचारली तर मिळू शकते, आणि पेळूही. एक मात्र करावे. संकट येईपर्यंत थांबू नये. पोहणे जसे पूर येण्याआधी शिकावे, तसे हेही.

मी अजून रोज तासभर कातते. नात सुटीत आली, की समोर बसून पाहते. परवा तिने विचारले, "आजी, तुटले की तुला राग नाही का येत?" मी म्हटले, "पूर्वी येत असे."

आमच्याकडे नवा देव्हारा १९६३ मध्ये आला. आईच्या मागे तो माझ्याकडे आहे. कातताना तुटलेले, सांधण्यापलीकडचे बारीकसारीक सूत मी एका वाटीत साठवते, आणि दिवाळीत त्याच्याच वाती वळते. ह्या दिवाळीतही देव्हाऱ्यापुढच्या पणतीत तीच वात असेल. आईने पाहिले असते, तर तिने काहीतरी टोमणा मारला असताच. दादा नेहमीसारखे नुसते हसले असते.